मागचा चार्ट

नातीनं वही माझ्यापुढं सरकवली. आलेखकागदावर छापलेली एक तिरकी रेघ आणि तिच्याखाली एकच ओळ: या रेषेचं समीकरण लिहा.

"आबा, ह्यात काहीच दिलेलं नाहीये. नुसती रेघ आहे."

"रेघ दिलीय म्हणजे सगळं दिलंय," मी म्हटलं. "ती घरांच्या कोपऱ्यांतून नेमकी कुठं कुठं जाते ते बघ. असे दोन बिंदू मला दे."

तिनं पहिले दोन सापडले तेच दिले. एक शून्य-तीन, दुसरा एक-पाच. दोन्ही बरोबर होते. तरी मी तिला दुसरा बिंदू लांबचा घ्यायला लावला. बिंदू जवळजवळ घेतले आणि वाचताना पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक झाली, तर चढ भलताच येतो. लांबचा बिंदू घेतला की तेवढीच चूक पसरून नगण्य होते. मग तिनं चार-अकरा हा बिंदू शोधला. बोटानं घरं मोजली: उजवीकडं चार, वर आठ. आठ भागिले चार, चढ दोन. आणि क्ष शून्य असताना य तीन. य = २क्ष + ३. ती सेमी इंग्लिशला आहे, म्हणून तिच्या वहीत एक्स-वाय आणि माझ्या तोंडात क्ष-य. त्यानं काही अडलं नाही.

उत्तर लिहून झाल्यावर पेन्सिल हनुवटीला लावून ती म्हणाली, "दोन कुठून आला ते कळलं. हा तीन कुठून आला?"

"रेघ अक्षाला तिथं छेदते ना."

"हो, पण तिथंच का?"

ते रेघ सांगत नाही, असं मी म्हणालो. तिचं समाधान झालं असावं, वही मिटून ती आत गेली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्या 'तीन'नं माझ्या घरात एके काळी फार रडवलेलं आहे.

माझं सारं आयुष्य रेघा ओढण्यात गेलं. मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो, पुणे-मिरज मार्गावर. मार्ग तेव्हा एकेरी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. कंट्रोलरच्या टेबलावर भलामोठा चार्ट पसरलेला असे. डाव्या कडेला वरून खाली स्टेशनं: पुणे, मग जेजुरी, नीरा, लोणंद, आदर्की, वाठार, सातारा, कराड, असं करत तळाला मिरज. आडवा काळ, तासांच्या जाड रेघा आणि त्यांच्यामध्ये मिनिटांच्या बारीक. कानाला फोन. स्टेशन मास्तर सांगणार, "अप गुड्स पास, दोन बावीस." तिथं एक ठिपका, पुढच्या स्टेशनला दुसरा, मग पट्टीनं जोडायचे. पुण्याकडं निघालेल्या गाड्यांच्या रेघा चढत जात, मिरजेकडच्या उतरत येत. उभी रेघ म्हणजे वेगवान गाडी, निजलेली रेघ म्हणजे रेंगाळलेली. रेघेचा चढ हाच वेग. नवा कोणी शिकायला आला की मी त्याला पहिल्यांदा हेच दाखवत असे, आणि शाळेत रुक्ष वाटलेलं समीकरण त्याच्या डोळ्यांदेखत धावायला लागे.

ही कल्पना काही आमच्या खात्याची नव्हे. मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं आलेखपद्धतीवर १८७८ साली एक पुस्तक लिहिलं. पॅरिस-लिऑन मार्गावरच्या गाड्यांचा असाच आलेख त्याच्यामुळं जगभर माहीत झाला. त्याच्याही मागं जायचं तर १६३७ साली देकार्तनं भूमितीवरचं पुस्तक छापलं आणि त्याच सुमाराला तुलूझच्या फर्मानं दाखवून दिलं की दोन चलांचं पहिल्या घाताचं समीकरण म्हणजे सरळ रेघच. आकृती आणि आकडे हे दोन वेगळे प्रदेश मानले जात, त्यांच्यातली भिंत या दोघांनी पाडली.

आता मूळ गोष्टीकडं येतो. चार्ट रात्री बाराला बदलायचा. शून्य तास ते चोवीस तास असा एका दिवसाचा एक कागद. बाराच्या ठोक्याला कितीतरी गाड्या मार्गात असत. रात्री कोल्हापूरहून मुंबईकडं निघालेली महालक्ष्मी साताऱ्याच्या अलीकडं-पलीकडं असायची, एखादी गुड्स नीरेला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी असायची. जुना कागद बाजूला काढून नवा पसरला की डाव्या कडेवर, शून्य तासाच्या रेघेवर, मी प्रत्येक गाडीची जागा उतरवून घ्यायचो. नव्या कागदापुरतं पाहिलं तर महालक्ष्मी साताऱ्याजवळच्या शेतात मध्यरात्री एकाएकी जन्मली आणि धावायला लागली. तिचा 'तीन' तो. मिरज, कराड, तिथं चढलेली माणसं, निघायला झालेला उशीर, हे सगळं मागच्या चार्टवर, गुंडाळी करून फळीवर ठेवलेलं.

मीमांसकांनी ज्ञानाचं एक साधन सांगितलं आहे, अर्थापत्ती. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असलाच पाहिजे. जे दिसतं ते ज्यावाचून जुळत नाही, ते न दिसताही मानायचं. नैयायिक म्हणतात, याला वेगळं साधन कशाला, हे अनुमानच आहे. त्या वादात मी पडत नाही. पण रेघ कागदाच्या डाव्या कडेला मधल्याच स्टेशनावर टेकली असेल, तर मागं कागद असलाच पाहिजे, एवढं मला हाताच्या सवयीनं माहीत होतं. पूर्वजन्मावर माझा विश्वास बसला तो पोथीनं नव्हे, या चार्टनं. रात्रपाळीत गाड्या सुरळीत असल्या की मी गीतारहस्य वाचत असे. त्यातलं कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य हे प्रकरण मी किती वेळा वाचलं असेल, त्याची गणती नाही. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे शब्द वाचताना मला समोर समीकरणच दिसायचं. मागून आलेला आकडा सी, आणि आपल्या करण्याचा चढ एम. फार नेटकं जुळलं होतं. इतकं नेटकं जुळलं की त्यात काय चुकतंय ते मला बरीच वर्षं कळलं नाही.

माझी मुलगी, म्हणजे या नातीची आई, १९७६ सालची. तेव्हा मी असिस्टंट स्टेशन मास्तर होतो, मार्गावरच्या एका लहान स्टेशनात. सव्वा वर्षाची असताना तिला दोन दिवस सणकून ताप आला. ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, लक्षात आलं, की पोर उजवा पाय उचलत नाही. पोलिओ. पुढं कॅलिपर आलं. दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्याला चामड्याचा पट्टा, खाली जड बूट. शहाबादी फरशीवर त्याचा ठक् असा आवाज होई, मग पाय ओढल्याचा, मग पुन्हा ठक्. पट्टा कुठं आवळायचा त्याची भोकं हिला पाठ होती: थंडीत तिसरं, उन्हाळ्यात दुसरं, कारण उन्हाळ्यात पाय सुजायचा. रात्री पट्टा सोडल्यावर कातडीवर उमटलेला वळ ही खोबरेल लावून अंगठ्यानं चोळत बसे, पोर झोपून गेली तरी.

एका सत्यनारायणाच्या पूजेला नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई आल्या होत्या. पोरीकडं बघून त्या म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार गं. भोगल्याशिवाय सुटका नाही." त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. आवाजात कळवळाच होता. हिच्या हातात शिऱ्याचं पातेलं होतं. ते तिनं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि आत निघून गेली. मी तिथंच बसून राहिलो. मला बोलायला हवं होतं. पण मी गप्प बसलो, कारण माझंही मत तेच होतं. रेघ कडेला जिथं टेकते, त्याचं कारण मागच्या कागदावर असतं, असं मी स्वतःच म्हणत नव्हतो का?

त्या गप्प बसण्याचा मला आजही त्रास होतो. मग मी पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी उत्तर मिळवायला.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादात, हा प्रश्न सरळ विचारलेला आहे. जगात एक सुखी, एक दुःखी. मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? चौतिसावं सूत्र म्हणतं, नाही, तो जिवांच्या कर्माकडं बघून देतो. शंकराचार्य तिथं पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, पण भात भातच उगवतो आणि जव जवच, कारण बी वेगळं. वाचताना माझ्या ध्यानात आलं की हे सूत्र देवावरचा आरोप काढायला लिहिलेलं आहे. आरोप निघतो तो जिवाच्या कर्मावर जाऊनच, हे मी नाकारत नाही. पण आम्ही तो उचलून सव्वा वर्षाच्या लेकरावर टाकला होता, आणि तोही नाव-गाव माहीत असल्यासारखा.

त्याच्या पुढचं सूत्र लोक वाचत नाहीत. तिथं शंका घेतलीय, की अगदी आरंभी तर भेदच नव्हता, मग पहिलं कर्म आलं कुठून? उत्तर आहे, संसार अनादि आहे. आरंभच नाही. मी चार्टवाला माणूस, मला याचा अर्थ एकदम लागला. अनादि म्हणजे मागच्या कागदामागं कागद, त्यामागं कागद, आणि डावी कड कुठंच नाही. मग कड कुणी आखली? आम्ही. रात्रीचे बारा ही गाडीची वेळ नव्हे, ती कागद बदलायची वेळ. दिवस दुपारी चारला सुरू करायचं रेल्वेनं ठरवलं असतं, तर तीच महालक्ष्मी मिरजेच्या फलाटावरून नीट सुटताना दिसली असती आणि तिला मागून काहीच आणावं लागलं नसतं.

नातीच्या रेघेवर हे करून बघता येतं. आरंभबिंदू दोन घरं उजवीकडं सरकवा, समीकरण होतं य = २क्ष + ७. दीड घर डावीकडं न्या, होतं य = २क्ष. तीनचे सात झाले, मग शून्य झालं. रेघ जागची हललेली नाही, नुसता आपण मोजायला कुठून लागलो ते बदललं. चढ मात्र दरवेळी दोनच. जो आकडा माझ्या उभं राहण्यानं बदलतो, त्याला मी कुणाच्या जिवाचा गुण म्हणू?

आणि पोलिओचं कारण मागच्या कागदावर शोधायचीही गरज नव्हती. ते याच कागदावर होतं, माझ्याच हस्ताक्षरात म्हटलं तरी चालेल. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस सरकारी लसीकरणात आली १९७९ साली. माझी पोर आजारी पडली १९७७ साली. आमच्या स्टेशनामागच्या आडात पाणी होतं ते तसलं. विषाणू पाण्यातून, घाणीतून पोटात जातो आणि मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. पुढं १९९५ पासून देशभर थेंब पाजले गेले. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात एक मुलगी आजारी पडली, तो भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण. पूर्वजन्मीचं पाप हे त्या पायाचं कारण असतं, तर ते दोन थेंबांनी थांबलं नसतं. ज्यांनी बर्फाच्या पेट्या खांद्याला लावून वस्त्या-वस्त्यांवर थेंब नेले, त्यांना मी मनोमन हात जोडतो. कर्म म्हणजे काय हे मला त्यांच्याकडून कळलं.

तेव्हा मी असं मानू लागलो, की सी सोडून द्यावा आणि एम धरावा. मागचं कुणाचं वाचू नये, चाल बघावी. बरीच वर्षं मला हे पुरलं. पण एकेरी मार्गावर काम केलेल्या माणसाला तिथंही फार काळ थांबता येत नाही.

एकेरी मार्गावर चढती रेघ आणि उतरती रेघ एकमेकींना छेदणारच. तो छेदनबिंदू स्टेशनावर यायला हवा, कारण लूप लाइन फक्त स्टेशनात असते. दोन स्टेशनांच्या मध्ये आला तर काय होईल ते सांगायला नको. कंट्रोलरची सगळी कसोटी इथं. गाड्या यायच्या आधीच पेन्सिलीनं पुढच्या रेघा हलक्या हातानं ओढून बघायच्या, त्या कुठं भेटतात ते पाहायचं, आणि एकीला आधीच्या स्टेशनात थांबवायची. थांबलेल्या गाडीची रेघ चार्टवर आडवी होते. काळ पुढं सरकतोय, जागा तीच. चढ शून्य. त्या आडव्या तुकड्याचं समीकरण काढाल तर य बरोबर एक आकडा, बस. क्ष उरतच नाही त्यात. नुसता तेवढा तुकडा पाहणारा म्हणेल, ही गाडी चालतच नाही. दोन जवळजवळचे बिंदू घेऊन चढ काढणारा तर नक्कीच म्हणेल. पण ती गाडी ठणठणीत असते, इंजिनात दम असतो, ड्रायव्हर खाली उतरून विडी पेटवून उभा असतो. ती उभी असते, कारण दुसरीला जायचं आहे.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पोरीच्या आजारपणानंतर रजा संपल्या आणि हिनं नोकरी सोडली. दर आठवड्याला पॅसेंजरनं पोरीला घेऊन पुण्याला जायचं, व्यायाम शिकून यायचं, घरी रोज दोन वेळा करून घ्यायचे. अकरा वर्षं. तिच्याबरोबर लागलेल्या बायका मुख्याध्यापिका झाल्या, एक केंद्रप्रमुख झाली. हिची रेघ १९७७ साली जिथं होती तिथून आडवी निघाली ती आडवीच. मी एवढा चार्ट वाचणारा, पण मलाही एकदा तोंडातून गेलं होतं, की तू पुढं काही केलंस नाही. ही काही बोलली नाही. लोणच्याच्या फोडी चिरत होती, त्या चिरत राहिली.

म्हणजे एम तरी माझा एकट्याचा कुठं आहे? मुलगी बँकेत लागली, तिची बदली झाली, तिनं संसार केला, तिची रेघ उभी चढत गेली. त्या चढात हिची अकरा वर्षं आहेत. पण समीकरणात ती दिसत नाहीत; मुलीच्या रेघेच्या समीकरणात एक आकडा चढाचा आणि एक सुरुवातीचा, हिच्यासाठी तिसरी जागाच नाही. म्हणून हल्ली मला सुट्या रेघेचं समीकरण अपुरं वाटतं. गणित म्हणून ते बिनचूक आहे. पण ज्याला कर्म म्हणतात ते एका रेघेत मावत नसावं; पूर्ण चार्ट पसरला तरच कळावं की कोण कुणासाठी थांबलं होतं.

असा पूर्ण चार्ट बघणारा कोणी आहे का, हा प्रश्न मी माझ्यापुरता सोडवलेला आहे. नात ज्या रेघांची समीकरणं काढते त्यांत एक जात बसत नाही, ती म्हणजे सरळ उभी रेघ. तिला चढ सांगता येत नाही, कारण भागायला शून्य येतं. तिला सीही नाही, ती य-अक्षाला छेदतच नाही. माझ्या चार्टवर उभी रेघ म्हणजे अशी गाडी, जी एकाच क्षणी पुण्यापासून मिरजेपर्यंत सगळ्या स्टेशनांत आहे. अशी गाडी मी कधी ओढली नाही. पण दर आषाढी वारीत नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालायची वेळ झाली, की त्या टापूतल्या गाड्या मी जपून सोडायचो, आणि फोनवर मागून टाळांचा आवाज यायचा. तेव्हा अशी उभी रेघ मला कल्पनेत दिसायची. जी कुठून आली नाही, जिला मागचा कागद नाही, आणि जी प्रत्येक आडव्या रेघेला छेदून जाते, उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला.

काल संध्याकाळी नातीला मी जुन्या पद्धतीनं एक चार्ट आखून दिला. तिच्या आलेखकागदावर डावीकडं सहा स्टेशनं लिहिली आणि मिरजेहून निघालेली एक गुड्स ओढली. मध्ये आदर्कीला पंचवीस मिनिटांचा आडवा तुकडा ठेवला. म्हटलं, प्रत्येक तुकड्याचं समीकरण काढ. चढत्या तुकड्यांची तिनं भराभर काढली. आडव्यापाशी थांबली. ही समोरच मटार सोलत बसली होती.

"आबा, इथं स्लोप शून्य येतोय. गाडी बिघडली का?"

"नाही."

"मग उभी का?"

मी तिच्या हातात पट्टी दिली. पुण्याजवळ एक ठिपका दिला, मिरजेजवळ एक दिला, आणि जोड म्हटलं. तिनं पट्टी लावली, जीभ दातांत धरली आणि रेघ ओढली. आदर्कीच्या त्या आडव्या तुकड्याच्या बरोबर मधून ती खाली उतरली. नात थोडा वेळ कागदाकडं बघत राहिली आणि मग पट्टी न उचलता आजीकडं बघू लागली.